सुपारीही निर्दोष नाही

रविवारच्या पुरवणीतील कर्करोगाच्या प्रकारांवरील लेख चांगला होता. पण तोंडाच्या कर्करोगाचा सगळा दोष तंबाखूवर टाकलेला पाहून खटकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारी सतत चघळल्याने गालाचे आतील अस्तर ताठरते, तिखट झोंबते, तोंड उघडेनासे होते. यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. आमच्या तंबाखूपट्ट्यात मात्र सुपारी म्हणजे पाहुणचार! शेजारच्या काकूंच्या तोंडात आता उभी तीन बोटे जात नाहीत, भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. ‘मी तर कधी तंबाखूची मिश्रीसुद्धा लावली नाही,’ असे त्या सांगतात. तोंड पुरेसे उघडते का, हे पाहण्याची तीन बोटांची ही परीक्षा लेखात हवी होती.

– एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)