गोल झाला की मागे

मँचेस्टर,
17 जुलै 2024

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फायनल संपल्यावर तुम्ही फोनवर विचारलंत, "लागोपाठ दोन युरो फायनल खेळलेल्या इंग्लंडच्या फुटबॉल टीमवर लोक एवढे चिडतात तरी कसे?" तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, आई झोपायला सांगत होती, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. काल इंग्लंडचा कोच साउथगेटने राजीनामा दिला. आता शांतपणे लिहिते.

आधी त्याच्या बाजूचं सांगते, कारण ते खरं आहे आणि इथे रागाच्या भरात लोक ते विसरतात. 2016 च्या युरोत इंग्लंड आइसलंडकडून हरून घरी आलं, त्यानंतर काही महिन्यांत ही टीम त्याच्या हाती आली. त्याने 102 सामन्यांत 61 जिंकून दिले. 2018 ला वर्ल्ड कपची सेमीफायनल, 2021 आणि 2024 ला युरोची फायनल. वर्ल्ड कपमधलं इंग्लंडचं पहिलंवहिलं पेनल्टी शूटआउट जिंकलं तेही त्याच्याच हाताखाली, आणि 1996 च्या सेमीफायनलमध्ये जर्मनीविरुद्ध पेनल्टी चुकवलेला हा माणूस, म्हणून त्या विजयाचं मोल मला फार वाटतं. 1966 चा वर्ल्ड कप सोडला तर इंग्लंडच्या पुरुष संघाकडे एकही मोठी ट्रॉफी नाही. त्या मानाने ही आठ वर्षं सोन्याची होती.

तरी राग येतो, बाबा. तो बचावाचा नाही. बचाव मलाही आवडतो. राग याचा आहे की इंग्लंड कधी मागे जाणार हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला आधीच माहीत असायचं, आणि समोरच्या कोचलाही.

2021 ची फायनल तुम्हाला आठवते ना? वेम्बली, इटली समोर. दुसऱ्या मिनिटाला उजवीकडून ट्रिपिअरचा क्रॉस आला आणि डावीकडून धावत आलेल्या ल्यूक शॉने तो तसाच जाळ्यात मारला. एका विंग-बॅकने (कडेने वर-खाली धावणाऱ्या बचावपटूने) दिलेला चेंडू दुसऱ्या विंग-बॅकने मारला! मागे तीन बचावपटू ठेवून दोघांना वर सोडायचं, या आखणीचा सगळा फायदा त्या एका गोलात दिसला. इटलीची मधली फळी सुरुवातीला गोंधळली होती. तेव्हाच दुसरा गोल मारायचा होता.

पण पहिल्या सत्राच्या शेवटाकडे ते दोघे विंग-बॅक हळूहळू खाली सरकत गेले आणि तिघांची फळी पाच जणांची झाली. कोणी आदेश दिल्यासारखं ते वाटत नाही. प्रत्येक जण दोन पावलं मागे येतो आणि कोणी त्याला पुढे ढकलत नाही, बस. पाच जण खाली गेले की त्यांच्यापुढची जागा भरायला मधल्या फळीतले राइस आणि फिलिप्स खाली येतात. मग इटलीच्या जॉर्जिन्यो आणि व्हेराट्टीला चेंडू घेऊन मान वर करून बघायला वेळ मिळतो. अशा खेळाडूंना वेळ दिला की मॅच त्यांच्या हातात गेलीच. पुढे आपला स्ट्रायकर केन एकटा. आपल्या बचावाने चेंडू उडवला की त्याच्या आसपास कोणी नसतं, चेंडू इटलीकडेच परत येतो आणि पुढची लाट सुरू होते. दुसऱ्या सत्रात इटलीचा कोच मान्चिनीने इमोबिलेला बाहेर काढलं आणि इन्सिन्येला मध्ये आणलं. म्हणजे सगळ्यात पुढे उभा राहणारा नेमका सेंटर-फॉरवर्डच नाही. इंग्लंडच्या तीन सेंटर-बॅकना पकडायला कोणी उरलं नाही आणि मध्यावर इटलीचा एक माणूस वाढला. वेम्बलीवर हजारो लोकांना ते दिसत होतं. 67 व्या मिनिटाला कॉर्नर, व्हेराट्टीचा हेडर आपला गोलकीपर पिकफर्डच्या हाताला लागून खांबावर, आणि बोनुचीने चेंडू आत ढकलला. उजव्या बाजूला धावणारा साका आला तो 70 व्या मिनिटाला, बरोबरी झाल्यावर. सगळ्या सामन्याचा साधारण दोन तृतीयांश ताबा इटलीकडे होता. पुढे शूटआउट, आणि हार.

त्या रात्री पेनल्टी चुकवलेल्या रॅशफर्ड, सांचो आणि साकाला रंगावरून जे ऐकावं लागलं त्याबद्दल तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. इथे विदिंग्टनमध्ये रॅशफर्डचं मोठं भित्तिचित्र आहे, ते कोणीतरी विद्रूप केलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी ती जागा चिठ्ठ्यांनी, हृदयांनी, झेंड्यांनी झाकून टाकली. मला या शहराबद्दल तेव्हा जे वाटलं ते अजून वाटतं. आणि हेही वाटतं की 120 मिनिटं मागे रेटली गेलेली टीम शेवटी शूटआउटवर आली, आणि त्याचा सगळा भार तीन तरुण पोरांच्या खांद्यावर पडला. रॅशफर्ड आणि सांचोला तर अगदी शेवटच्या क्षणी, केवळ पेनल्टी मारायला म्हणून आत पाठवलं होतं.

आता मागे जा. बरोबर तीन वर्षं आधी, 11 जुलै 2018, वर्ल्ड कपची सेमीफायनल, मॉस्को, समोर क्रोएशिया. पाचव्या मिनिटाला ट्रिपिअरची फ्री-किक थेट वरच्या कोपऱ्यात. क्रोएशियाचे आधीचे दोन्ही सामने 120 मिनिटं आणि शूटआउटपर्यंत गेलेले, पाय जड झालेले. अशा टीमला पळवून दमवायचं असतं. आपण त्यांना चेंडू दिला. 68 व्या मिनिटाला व्हर्सालकोचा क्रॉस, पेरिसिचचा पाय. जादा वेळेत मांझुकिचचा गोल, आणि हार. त्याच स्पर्धेत कोलंबियाविरुद्धही 1-0 ची आघाडी धरून बसलो होतो आणि भरपाईच्या वेळेत येरी मिनाने हेडरने बरोबरी केली. तिथे शूटआउटने वाचवलं.

आणि यंदा जर्मनीत? सर्बियाविरुद्ध 13 व्या मिनिटाला बेलिंगहॅमचा गोल, मग उरलेला वेळ घड्याळाकडे बघत. डेन्मार्कविरुद्ध 18 व्या मिनिटाला केन, लगेच सगळे खाली, आणि 34 व्या मिनिटाला ह्युलमंडने लांबून खांबाला लावून मारला. एवढ्या लांबून मारायला त्याला मोकळीक कशी मिळाली, हे त्या गोलाची क्लिप पुन्हा बघताना बघा. चेंडूच्या मालकावर धावून जाणारं कोणीच नाही, सगळे आपापली जागा राखून उभे. स्लोव्हाकियाविरुद्ध तर 95 व्या मिनिटापर्यंत हरत होतो. बेलिंगहॅमने ओव्हरहेड किकने वाचवलं, जादा वेळ सुरू होताच केनने आघाडी दिली, आणि त्यानंतर पुन्हा तेच. पुढे केन आणि बेलिंगहॅम दोघांनाही बाहेर काढून गॅलाघर आणि कोन्साला आणलं. स्लोव्हाकिया आपल्यावर चाल करून येते आहे आणि आपण चेंडू स्टँडमध्ये मारतो आहोत. खूप दुखलं ते बघताना. हे खेळाडू असे नाहीत.

तुम्ही म्हणाल, ग्रीस 2004 ला असंच खेळून युरो जिंकलं. पोर्तुगालने 2016 ला सातपैकी एकच सामना 90 मिनिटांत जिंकला आणि तरी कप नेला. कोच देशाँचा फ्रान्सही 2018 च्या वर्ल्ड कपला मागे राहूनच खेळला. अगदी बरोबर. पण फ्रान्सकडे मागून निघायचा रस्ता होता. चेंडू मिळाला की एम्बापे मोकळ्या मैदानात सुटायचा, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंना वर यायची भीती वाटायची. ती भीतीच खरा बचाव असते. ग्रीस कॉर्नर आणि क्रॉसवर हेडरने गोल करायचं, आणि तेवढ्यासाठी त्यांची सगळी जुळणी होती. इंग्लंडकडे या स्पर्धेत मागे बसल्यावर काय होतं? केन चेंडू घ्यायला स्वतःच मध्यावर येतो, बेलिंगहॅम आणि फोडनलाही चेंडू पायातच हवा असतो. पलीकडे धावणारं कोणी नाही. ल्यूक शॉ दुखापतीतून सावरेपर्यंत डावीकडे उजव्या पायाचा ट्रिपिअर खेळला, म्हणजे त्या बाजूने चेंडू दर वेळी आतच वळणार. सरळ रेषेत पळू शकणारा अँथनी गॉर्डन पूर्ण स्पर्धेत एका सामन्याची शेवटची काही मिनिटं दिसला. नेदरलँड्सविरुद्ध शेवटच्या क्षणी वॉटकिन्सला आणलं, पामरने त्याला चेंडू सरकवला, त्याने वळून मारला आणि आपण फायनलला पोचलो. औषध बाकावरच बसलेलं होतं.

स्लोव्हेनियाच्या सामन्यानंतर साउथगेटवर प्लास्टिकचे ग्लास फेकले, ते मला मुळीच पटलं नाही. तो सज्जन माणूस आहे, खेळाडूंच्या पाठीशी उभा राहणारा. रंगभेदाच्या वेळी तो जसा बोलला तसं फार थोडे कोच बोलतात. त्याच्या माणुसकीबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या सामन्यातल्या निर्णयांबद्दल आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात असं मी इथल्या मित्रांनाही सांगते.

फायनलचं तुम्ही पाहिलंतच. स्पेनच्या निको विल्यम्सच्या गोलनंतर आपण हरत होतो तेव्हा पामर आला, आणि तीन मिनिटांत, 73 व्या मिनिटाला, त्याने बरोबरी केली. स्पेन हबकलं होतं. मी उभी राहून ओरडत होते की आता वर राहा, आता सोडू नका. पण पुन्हा सगळी फळी खाली सरकली. आघाडी नव्हती, फक्त बरोबरी होती, तीही राखायला निघालो. 86 व्या मिनिटाला कुकुरेयाचा क्रॉस आणि ओयार्झाबालचा गोल. मग गुएहीचा हेडर ओल्मोने गोलरेषेवरून काढला. लोक त्याला नशीब म्हणतात. पण मधली तेरा मिनिटं आपण स्पेनला देऊन टाकली होती, त्यात नशिबाचा काय दोष?

आता नवा कोच कोण येईल यावर इथे रोज वाद चालू आहेत. माझी मागणी नावाची नाही. पहिला गोल झाल्यावर पुढची पंधरा मिनिटं फळी मध्यरेषेजवळ ठेवणारा, आणि बरोबरी होण्याआधी बाकावरचा धावणारा माणूस आत सोडणारा कोणीही चालेल. 1-0 वरून 2-0 करायला जाऊन कधी 1-1 झालं तर मी निमूट झोपायला जाईन.

7 सप्टेंबरला डब्लिनमध्ये आयर्लंडशी सामना आहे. तुम्ही बघणार असाल तर एक करा: इंग्लंडने गोल केला की चेंडूकडे बघू नका, फक्त दोन्ही बाजूंचे बॅक कुठे उभे आहेत ते बघा, आणि मॅच संपल्यावर मला फोन करा. आईला सांगा, त्या दिवशी आपण लवकर बोलू, तिची झोप मोडणार नाही. तुमच्या गुडघ्याचं काय झालं तेही तेव्हा नीट सांगा, फोनवर दर वेळी टाळता.

तुमची लाडकी,
मनू