मोरसला (मॉरिशसला) निघालेल्या अमेयला

लालबाग, मुंबई

चि. अमेयस अनेक आशीर्वाद.

काल परतीच्या तिकिटाचं दोनदा विचारलं तर चिडलास, म्हणून हे लिहून बॅगेत ठेवतेय. नोकरी चांगली आहे, मी नाही कुठे म्हणतेय? पण आपल्या घरातून करारावर मॉरिशसला जाणारा तू पहिला नाहीस, तेच डोक्यातून जात नाही. आपले पूर्वज धोंडूआजोबाही उसाच्या मळ्यात पाच वर्षांसाठीच गेले होते. पुढे सरकारने मजुरांचा परतीचा फुकट प्रवास बंद केला आणि माणसं तिथलीच झाली.

आजी सर्वपित्रीला त्यांचं वेगळं पान वाढायच्या. वंशावळीत त्यांच्या नावाखाली नुसती रेघ आहे. बाबा रजा टाकून काळा घोड्याला पुराभिलेखागारात त्यांचा माग काढत बसायचे. संध्याकाळी आले की बाह्या धुळीने मळलेल्या, चहा गार झाला तरी वहीतच डोकं.

ती वही बाजूच्या खणात आहे. मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांची रजिस्टरं आहेत. आधी परवानगीचं पत्र लिही. आडनावावर विसंबू नकोस, कारकून कानावर पडेल तसं लिहायचे. बापाचं नाव, गाव, जिल्हा, जहाज, अंगावरची खूण, हे बघ. डाव्या भुवईवर कोयतीचा व्रण होता, एवढं आजी छातीठोकपणे सांगायच्या. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा, तोच पुढे लग्नाच्या आणि मृत्यूच्या कागदांवर लागायचा. तो मिळाला की पुढचं उलगडेल. फोटो लावायला १८६० च्या दशकात लागले. ते त्याआधी तिकडे गेले असतील तर चेहरा नाही दिसायचा.

तिथे त्यांचं दुसरं घर निघालं तर राग धरू नकोस. त्यांच्या इथल्या पत्नी काशीआजी शेवटपर्यंत कुंकू लावत राहिल्या, पण त्यात तिथल्या लेकरांचा काय दोष? भेटलेच कुणी तर रिकाम्या हाताने जाऊ नकोस. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, तेव्हा सापडतील आपली माणसं.

पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नकोस, साहेबाने मागितला तरी. जेवणाची वेळ चुकवू नकोस. सही करण्याआधी परतीच्या भाड्याचं कलम वाचलं होतंस ना? बघ, पुन्हा तिथेच आले. माफ कर रे, 27 वर्षांच्या मुलाला किती सांगायचं ते कळत नाही मला.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर पायऱ्या आहेत. मजूर बोटीतून उतरून त्याच चढायचे. तू विमानाने जातोयस, स्वतःच्या शिक्षणावर. बाबा असते तर अख्ख्या चाळीत पेढे वाटले असते. मी वाटले, तुला सांगितलं नाही.

तुझी,
आई

ता. क. ते कलम मला व्हॉट्सॲपवर पाठव. डिंकाचे लाडू मोठ्या बॅगेत आहेत.