सरकारी थाटातला नामबदल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी भाची अनेक वर्षे इंग्लंडमध्ये राहते. जुन्या पासपोर्टवर तिच्या नावाला जोडून छापलेले वडिलांचे नाव तिथल्या प्रत्येक कागदावर तसेच चिकटून आले होते. ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्यावर ते वेगळे करावे म्हणून तिने इंटरनेटवर ‘डीड पोल’, म्हणजे नाव बदलल्याचा कायदेशीर दस्त, याविषयी शोधले, तेव्हा सर्वांत वर आलेल्या संकेतस्थळाचे भारदस्त नाव आणि मुकुटासारखे बोधचिन्ह पाहून ते सरकारी खातेच असावे असे तिला वाटले आणि तिने पैसे भरले. काही दिवसांनी टपालाने जाड कागदाचे एक पान आले, त्यावर लाल गोल शिक्का डकवलेला होता. ‘आमचा शासनाशी संबंध नाही’ हे वाक्य संकेतस्थळावर होते खरे, पण अगदी तळाशी, बारीक अक्षरांत.

वास्तविक इंग्लंड आणि वेल्समध्ये 16 वर्षे पूर्ण झालेली कोणीही व्यक्ती हा दस्त स्वतः करू शकते. त्याचा मजकूर ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. जुने नाव सोडले आणि सर्व कामांसाठी नवे नाव धारण केले, एवढाच त्याचा आशय. तो कागदावर उतरवून जुन्या व नव्या अशा दोन्ही नावांनी सही करायची आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. पासपोर्टसाठीही असा दस्त चालतो. शिक्क्याविषयी तर मुद्दाम लिहिले पाहिजे. व्यक्तीने केलेल्या दस्तावर शिक्का असलाच पाहिजे, ही अट 1989 च्या कायद्याने काढून टाकली. ज्या लाल गोलामुळे भाचीला तो कागद अस्सल वाटला, त्याची कायद्याला गरजच नाही.

लंडनच्या ‘रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस’मध्ये दस्ताची नोंद करण्याची वेगळी सोय आहे. ती 18 वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, तिचे शुल्क न्यायालयाकडे भरावे लागते आणि नवे नाव सार्वजनिक नोंदीत जाते. ही नोंद ऐच्छिक आहे. खासगी कंपनीच्या ‘अधिकृत’ दस्ताला पैसे मोजले म्हणजे ती आपोआप होते, असा समज मात्र सहज होतो, आणि तो होऊ नये अशी काळजी त्या संकेतस्थळाने घेतलेली मला दिसली नाही.

कागद तयार करून देण्याचे पैसे घ्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती सरकारचा वेश पांघरण्याला. आपण खासगी आहोत आणि हे काम फुकट होते, हे कंपनीने पैसे भरण्याच्या आधी, ठळक अक्षरांत सांगितलेच पाहिजे, असे बंधन तिथल्या सरकारने घालावे.

ज्यांची मुले तिकडे स्थायिक आहेत, त्या वाचकांनी हे त्यांच्या कानावर घालावे. ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत, त्यांनी घाबरून दुसरा दस्त करू नये. सह्या व साक्षीदार रीतसर असतील तर तो कागद चालतो. मात्र ‘प्रमाणित प्रती’ म्हणून जादा प्रती विकत घेण्यापूर्वी बँकेला किंवा संबंधित कार्यालयाला नेमके काय लागते, हे त्यांनाच विचारावे.

आपला,
एक वाचक