बंड्या, ठमी आणि सातवा मजला

प्रिय निनाद,

फोनवर काही सांगायला घेतलं की तुझी मीटिंग येते आणि माझं अर्धं पोटातच राहतं, म्हणून आज बसून टाइपच करतेय. चुका असतील त्या सांभाळून घे. आधी एक कबुली देऊन टाकते. मागच्या महिन्यात तू ओळीने तीन दिवस "ठमीला दाखव" म्हणत होतास, मी एकदा झोपलीय म्हटलं, एकदा कॉटखाली बसलीय म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी सरळ नेट बंद करून ठेवलं. आपली मांजर घरात नव्हतीच रे. हरवली होती. आता आहे, हे लिहितेय तेव्हा वॉशिंग मशीनवर बसून माझ्याकडेच बघतेय, तेव्हा घाबरू नकोस, पुढे वाच.

मे अखेर आपली जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायला बिल्डरला रिकामी करून द्यायची हे तुला माहीत होतंच. आम्ही मार्चपासून घरं बघत होतो. डोंबिवलीत भाड्याची घरं काय कमी आहेत, पण ब्रोकरला "एक कुत्रा आणि एक मांजर आहे" म्हटलं की त्याचा आवाजच बदलायचा. एकाने तर सल्ला दिला, काकू आत्ता बोलूच नका, सामान लावून झालं की हळूच आणा. बाबा म्हणाले मी चोरून राहणार नाही, जे आहे ते ॲग्रीमेंटमध्ये लिहून हवं. तू पाठवलेलं ते ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं पत्रक मी प्रिंट काढून पर्समध्ये घेऊन फिरत होते, सोसायटीला पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, सगळं बरोबर. पण घरमालकच "मला नको" म्हणाला तर त्याला कुठलं पत्रक दाखवणार, त्याचं घर आहे. शेवटी मानपाडा रोडचे हे मालक भेटले. त्यांनी विचारलं कुत्रा किती वर्षांचा, बाबा म्हणाले बारा, तर ते म्हणाले मग तो काय दार कुरतडणार, या राहायला. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, त्यात "एक कुत्रा व एक मांजर यांसह" अशी ओळ टाईप करून घेतली तेव्हा बाबांना बरं वाटलं.

तू दोन गोष्टी सुचवल्या होत्यास त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. बंड्याला दोन वर्षं काकाकडे गावी सोडा आणि ठमीला मी जर्मनीला घेऊन जातो. तुझा हेतू चांगला होता, मला कळतं. ठमीचं मी सगळं वाचलं, मायक्रोचिप, मग रेबीजचं इंजेक्शन, मग ३० दिवस थांबून रक्त काढायचं, ते त्यांच्या मान्य लॅबला पाठवायचं, त्यात रेबीजच्या अँटिबॉडीजचा आकडा ०.५ च्या वर आला तर रक्त काढल्यापासून आणखी ३ महिने थांबायचं, मग इकडचे सरकारी कागद आणि मग विमान. म्हणजे मेमध्ये घर सोडायचं आणि ती निघणार दिवाळीला, तोवर राहणार कुठे? आणि दिवसभर तू ऑफिसला, बाहेर बर्फ, ती खिडकीत. नकोच. बंड्याचं तर बोलूच नकोस. बिल्डर दोन वर्षं म्हणतोय ती बिल्डरची दोन वर्षं आहेत, त्याची तीन साडेतीन कधी होतील सांगता येत नाही. नवीन घराची चावी हातात येईल तेव्हा बंड्या कुठे असेल ते तुलाही माहीत आहे, मी लिहीत नाही. त्याला आता नीट दिसत नाही, डोळे निळसर पांढरे झालेत, गावी काकाच्या अंगणात तो कोणाला शोधणार होता? म्हणून तेव्हा गप्प बसले.

शिफ्टिंगच्या दिवशीची गंमत ऐक. डॉक्टरांनी सांगितलं होतं सामान हलत असताना दोघांनाही मध्ये येऊ देऊ नका. बंड्याला तळमजल्यावरच्या काकूंकडे बांधला आणि ठमीला बाथरूममध्ये तिच्या चादरीसकट कोंडलं, दारावर कागद चिकटवला "आत मांजर आहे, दार उघडू नये." हमाल सगळे यूपीचे. दहा मिनिटांनी लक्षात आलं, मग खाली हिंदीत लिहिलं "अंदर बिल्ली है". तरी एकाने उघडलंच, त्याला वाटलं बिल्ली म्हणजे काहीतरी काचेचं सामान असेल. ठमीने त्याच्या हाताकडे बघून असा काही फिस्कारा काढला की तो बादली न घेताच गेला. छोटा हत्तीच्या तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेनंतर आम्ही रिक्षाने निघालो, माझ्या मांडीवर ठमीची बास्केट, बाबांच्या पायाशी बंड्या. फडके रोडपासून घरडा सर्कलपर्यंत ठमी एकाच सुरात ओरडत होती आणि रिक्षावाला आरशातून बघत होता की ही बाई कोणाचं मूल पळवून नेतेय.

नवीन घरात आधी दूध उतू घातलं. ते पुसायच्या आधी बंड्याने चाटलं, म्हणजे गृहप्रवेश त्याचाच झाला.

बंड्याला दिसत नाही हे जुन्या घरात कधी जाणवलंच नव्हतं बघ. त्याला सगळं पाठ होतं, दिवाण कुठे, उंबरा कुठे, किती पावलांवर पाण्याचं भांडं. इथे पहिल्या संध्याकाळी तो तीनदा कपाटाला आपटला, मग हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि हललाच नाही. नुसता उभा. शेपूट खाली, नाक वर. मला तर रडूच आलं. मग बाबांनी रात्री साडेअकराला काय केलं माहितीये, सगळं फर्निचर परत हलवलं. दिवाण दारातून आत आल्यावर डाव्या हाताला, टीपॉय काढूनच टाकला, पाण्याचं भांडं किचनच्या चौकटीपाशी, जसं तिकडे होतं तसं. बाथरूमपाशी काथ्याचं पायपुसणं, दिवाणापाशी त्याची ती मळकी गोधडी, म्हणजे पायाखाली लागेल त्यावरून त्याला कळावं. गोधडी मी धुवायला काढली होती पण डॉक्टर म्हणाले महिनाभर धुऊ नका, त्याचं घर आता तेवढंच आहे. वास येतो, येऊ दे. चार दिवसांत तो भिंतीच्या कडेने चालायला लागला आणि आता तर रात्री दोन वाजता उठून पाणी पिऊन येतो, नखांचा टकटक आवाज येतो तेव्हा मला झोप लागते.

पण खरी पंचाईत शू-शीची. तिकडे गुलमोहराखाली माती होती, बारा वर्षं त्याने मातीवरच केलं. इथे खाली सगळे पेव्हर ब्लॉक, आणि जे हिरवं दिसतं ते प्लास्टिकचं गवत. पहिल्या दिवशी सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत त्याने धरून ठेवलं. चौदा तास! फिरवून फिरवून माझे गुडघे गेले. दुसऱ्या दिवशी बाबा "जरा बँकेत जाऊन येतो" म्हणून गेले आणि तासाभराने रिक्षातून उतरले ते तांदळाचं पोतं घेऊन. पोत्यात आपल्या गुलमोहराखालची माती. पत्रे लागलेत रे तिकडे सगळीकडे, वॉचमनला चहाचे पैसे देऊन आत गेले होते, खुरपं घरूनच नेलं होतं, पिशवीत पासबुकाच्या खाली. ती माती जुन्या कूलरच्या ट्रेमध्ये पसरून सुक्या बाल्कनीत ठेवली. बंड्याने वास घेतला, दोन वेळा गोल फिरला आणि इतका वेळ उभा राहिला की बाबा म्हणाले झालं का साहेब. हाच माणूस तू दहावीत असताना त्या पिल्लाला क्लासबाहेरून उचलून आणलंस तेव्हा दोन दिवस आपल्याशी बोलत नव्हता.

आता ठमी. तिला पहिला आठवडा मागच्या खोलीतच ठेवली होती, रेतीचा ट्रे, पाणी, लपायला खोकं, सगळं नीट. खिडक्यांना जाळ्या मारून घेतल्या होत्या, सातवा मजला म्हणजे चेष्टा नाही. मांजर उंचावरून पडलं तरी पायावर पडतं हे खरं, पण त्याचे पाय आणि जबडा मोडतो हेही खरं. तिकडच्या काकू निघताना म्हणाल्या होत्या, मांजर घराचं असतं आणि कुत्रं माणसाचं, ही परत येणार बघा. मी म्हटलं मांजर सात घरं पिल्लं फिरवते, तिला काय बिऱ्हाड बदलायचं नवल. आठव्या दिवशी पाण्याचा फिल्टर बसवायला माणूस आला, मधलं दार मीच उघडं ठेवलं, त्याने बाहेरचं उघडं ठेवलं. संपलं.

मला वाटलं ती जुन्या बिल्डिंगकडेच जाणार. पाऊस नुकता सुरू झाला होता. बाबा आणि मी रात्री छत्री घेऊन रामनगरला, पत्र्याच्या फटीतून "ठमे, ठमे". आपल्या किचनच्या खिडकीची चौकटच काढून नेली होती त्यांनी, नुसतं चौकोनी भोक, आणि आतून पिवळी भिंत दिसत होती, तू चौथीत असताना मी निवडलेला रंग. मांजरं होती तिथे चार, आपली नव्हती. त्यातलं एक पांढरं लांब केसांचं, ते कोणाचं ते तू ओळखशील, नाव लिहीत नाही. बिऱ्हाड हललं आणि मांजर तिथेच सोडून गेले. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण ते सांगायला जाणार कोण, तक्रार केली तरी आधी त्या मांजराची सोय कोण करणार? आम्ही दोन दिवसांनी त्याला टोपलीत घालून तळमजल्यावरच्या काकूंच्या नवीन घरी पोचवलं, त्या एकट्याच आहेत, त्यांनी ठेवून घेतलं. बाकीच्या तिघांना दर रविवारी खायला नेते, वॉचमनच्या हातात देते.

तीन दिवस असे गेले. चौथ्या सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, ताई ते पाचव्यावर आगीचा पाइप ठेवतात ना त्या डक्टमध्ये रात्रीपासून काहीतरी ओरडतंय. दोन मजले खाली! आम्ही अख्खी डोंबिवली पालथी घातली आणि ही इथे. नंतर डॉक्टरही तेच म्हणाले, घरातलं मांजर बाहेर पडलं की लांब जात नाही, घाबरून जवळच कुठेतरी दडून बसतं आणि हाक मारली तरी आवाज देत नाही, आधी आपलीच बिल्डिंग शोधायची.

आता ती बाहेर येईना. पाइपांच्या मागे दोन डोळे दिसतात, हात घातला की आणखी आत. मी वर आले आणि तव्यावर सुकट भाजली. मूठभर नाही, चांगली वाटीभर. तवा तसाच घेऊन लिफ्टने पाचव्यावर. आता हा सगळा मजला शाकाहारी रे, एकाची सकाळची पूजा चाललेली, आणि मी डक्टपुढे मांडी घालून तव्यावर पदराने वारा घालतेय. सेक्रेटरी आले नाकाला रुमाल लावून. त्यांचं आधीच माझ्याशी वाकडं, "कुत्र्याला लिफ्टमधून नेऊ नका" अशी चिठ्ठी त्यांनीच लावली होती. मला वाटलं आता ऐकावं लागणार, पर्समधलं पत्रक काढायची वेळ आली. तर ते काही न बोलता शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, मोबाईलचा टॉर्च बंद करा, उजेडाने घाबरतेय ती. वीस मिनिटं बसलो दोघं अंधारात. मग ठमी आली, काळीकुट्ट झालेली, मिशा मोडलेल्या, तव्यात तोंड घालून गुरगुरत खायला लागली आणि मी मागून मान धरली.

चिठ्ठी अजून लिफ्टमध्ये आहे बरं का, काढलेली नाही. पण आम्ही बंड्याला लिफ्टनेच नेतो आणि ते दिसले तर विचारतात, मांजर काय म्हणतेय. पत्रक पर्समध्ये आहेच.

ठमीला आता मायक्रोचिप घालून घेतली, तुझं तेवढं ऐकलं. बंड्याच्या पट्ट्यावर जुन्या लँडलाइनचा नंबर होता तो बदलला. दोघांची रेबीजची इंजेक्शनं झाली, फाईल फ्रीजवर ठेवलीय.

डिसेंबरला येशील तेव्हा एक कर. बेल वाजवू नकोस. इथल्या बेलला चिमण्यांचा आवाज आहे, बंड्याला ती अजून कळत नाही, वाजली की दिवाणाखाली जातो. लिफ्टमधून बाहेर आलास की दारातूनच हाक मार. आणि मातीच्या पोत्याचं मी लिहिलंय हे बाबांना कळू देऊ नकोस, ते अजून बँकेतच गेले होते म्हणतात.

तुझी,
आई