क्यूब समोर आला की

प्रिय मित्रा,

तुझं पत्र कालच हाती आलं. न्यूयॉर्कला जाऊन तू बॅकगॅमनच्या, त्या फासे-सोंगट्यांच्या खेळाच्या, नादी लागलास याचा मला मनापासून आनंद झाला. डबलिंग क्यूब, म्हणजे पैज दुप्पट झाल्याचं दाखवणारा ठोकळा, १९२०च्या दशकात तिथल्याच क्लबांतून रुजला. फासे-सोंगट्या त्याच्या कितीतरी आधीच्या, पण पैशाच्या डावाला धार आली ती या क्यूबमुळे.

तू लिहिलेला तो डाव मात्र डोक्यातून जाईना. मारामारी संपलेली, नुसती शर्यत उरलेली. समोरच्याची खेळी, सगळ्या सोंगट्या पटाबाहेर काढायला त्याला मिळून ८० घरं चालायची, तुला ८८. त्याने डबल दिला, म्हणजे पैज दुप्पट करू म्हणाला, आणि तू पास म्हणालास, म्हणजे एक पॉइंट देऊन डाव सोडलास. का रे सोडलास? असाच प्रसंग चारदा आला असं धर. चारही वेळा सोडलास तर ४ पॉइंट गेले. चारही वेळा डबल घेतलास, म्हणजे दर डाव २ पॉइंटचा, आणि तीनदा हरलास, तर ६ गेले. एकदा जिंकलास, २ आले. हिशेब तोच, उणे ४. म्हणजे चारांत एक डाव जिंकण्याइतकी आशा असली की घेण्यात तोटा नाही. शिवाय घेतल्यावर क्यूब तुझ्याकडे येतो. मग पैज वाढवायचा हक्क एकट्या तुझा, त्यामुळे २५ टक्क्यांहून थोडं कमी असलं तरी चालतं. गॅमनची, म्हणजे आपली एकही सोंगटी बाहेर निघायच्या आत हरून दुप्पट पॉइंट जाण्याची, भीती असेल तेव्हा मात्र जास्त आशा हवी. तुझ्या डावात ती नव्हतीच.

लांब शर्यतीसाठी एक ठोकताळा पाठ कर. पुढे असलेल्याची घरं मोजायची. त्याची आघाडी ८ टक्के झाली की डबल, ९ टक्के झाली की रीडबल (क्यूब आपल्याकडे असताना पुन्हा दुप्पट), आणि १२ टक्क्यांपर्यंत मागच्याने घ्यायचं. ८०चे १२ टक्के साडेनऊच्या वर जातात, तू आठच मागे होतास. त्याचा डबल योग्यच होता, पण तुझा टेकही, म्हणजे डबल घेणंही, तितकंच योग्य ठरलं असतं.

दुसरं, तू स्वतः डबल द्यायला फार थांबतोस. जिंकणार हे पक्कं दिसेपर्यंत थांबलास की समोरचा शहाणपणाने पास म्हणतो आणि तुला एकच पॉइंट मिळतो. बॅकगॅमनचे नामवंत खेळाडू किट वूल्झी यांचा नियम मला फार मोलाचा वाटतो: समोरच्याने घ्यावं की सोडावं याची तुलाच खात्री नसेल, तर डबल दे. जे तुला ठरवता येत नाही, ते त्यालाही अवघडच जाणार.

तुमच्याकडे जेकबी नियम आहे का, ते आधी विचार. ऑस्वाल्ड जेकबी यांच्या नावाचा हा नियम सांगतो की कुणीच डबल न देता क्यूब पटाच्या मध्येच पडून असेल तर गॅमनचे दुप्पट पॉइंट मिळत नाहीत. म्हणजे गॅमनच्या आशेने क्यूब न वळवता डाव लांबवण्यात काही अर्थ नाही; डबल देऊन पॉइंट पदरात पाडून घ्यायचा. एकदा क्यूब तुझ्या ताब्यात आला की गॅमन मोजला जातो, तेव्हा खुशाल पुढे खेळ.

शेवटच्या फाशाचा एक डाव पटावर मांडून बघ. तुझी एक सोंगटी पाचव्या घरात, एक दुसऱ्या घरात. खेळी तुझी. त्याची एकच उरली आहे, पुढच्या फाशाला ती नक्की बाहेर. ३६ पैकी १९ दानांत तू जिंकतोस. आघाडी इतकी बारीक, तरीही डबल द्यायचा, कारण यानंतर संधीच उरत नाही. आणि त्यानेही घ्यायचा, त्याच्या बाजूने १७ दानं आहेत.

पुढच्या पत्रात सोंगट्यांची पूर्ण मांडणी लिही, आणि क्यूब कुणाकडे होता तेही. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र