डॉ. जेम्स होप मोल्टन यांस कृतज्ञतापूर्वक

आदरणीय डॉ. मोल्टन यांस,
सादर सलाम.

माझे आजोबा तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून दस्त लिहीत आणि त्यांच्या प्रत्येक पावतीच्या शेवटी ‘सदर रक्कम भरून पावलो’ हे शब्द असत. बायबलच्या नव्या करारात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, लोकांनी पाहावे म्हणून दानधर्म करणारे ‘आपले प्रतिफळ भरून पावले आहेत’ हे वचन मी लहानपणापासून ऐकत आलो. तरी ही पावतीचीच भाषा आहे, हे मला आपण आणि डॉ. जॉर्ज मिलिगन यांनी रचलेल्या नव्या करारातील ग्रीक शब्दांच्या कोशातील ‘आपेखो’ (‘भरून पावणे’) या क्रियापदाची नोंद वाचेपर्यंत उमगले नव्हते. प्राचीन मिसर देशातील पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदांवर, आणि खापरांवर लोक पैसे मिळाल्याची पोच देताना हेच क्रियापद लिहीत. त्या दिखाऊ दात्यांचा हिशेब चुकता झाला, आता त्यांचे देवाकडे काही येणे उरले नाही, असा त्या वचनाचा रोख आहे.

‘आराबोन’ (विसार) या ग्रीक शब्दाचेही तसेच. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे, असे प्रेषित पौल इफिस शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहितो, आणि आपल्या कोशात तोच शब्द गाईच्या विक्रीत आगाऊ घेतलेल्या रकमेसाठी आलेला दिसतो. बैलबाजारात विसार देऊन सौदा पक्का करणाऱ्या माणसांना हे वचन समजावताना मला आता वेगळा दृष्टान्त शोधावा लागत नाही, आणि त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

नव्या कराराची ग्रीक ही वेगळी, पवित्र भाषा असल्याचा समज पक्का असताना, जर्मन पंडित डाइसमान यांच्या पाठोपाठ आपण १९०६ च्या व्याकरणग्रंथात ती त्या काळच्या सामान्य माणसांची बोली असल्याचे साधार मांडले. वेस्लियन मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक, केंब्रिजच्या लेज शाळेत शिक्षक, मग मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी कॉलेजात अध्यापक आणि पुढे विद्यापीठात प्राध्यापक, असा आपला प्रवास झाला. त्यात उपदेशक आणि भाषापंडित एकमेकांपासून दुरावले नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. पत्नीच्या निधनानंतर, युद्ध सुरू असतानाच, १९१५ मध्ये आपण हिंदुस्थानात आलात आणि मुंबईच्या पारशी बांधवांसमोर जरथुश्त्राच्या शिकवणीवर व्याख्याने दिलीत. आपला ख्रिस्तावरील विश्वास आपण लपवला नाहीत, पण गाथा, म्हणजे जरथुश्त्राची स्तोत्रे, मूळ अवेस्ती भाषेत अभ्यासून मगच बोललात. दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलण्यापूर्वी त्याचे ग्रंथ इतक्या कष्टाने वाचणारा मिशनरी विरळा, आणि मंडळीतील तरुणांना मी हे आवर्जून सांगतो.

परतीच्या वाटेवर, एप्रिल १९१७ मध्ये, भूमध्य समुद्रात पाणतीराने आपले जहाज बुडवले. उघड्या होडीत आपण वल्ही मारलीत, सोबत्यांना धीर दिलात, मृतांसाठी प्रार्थना केलीत आणि अखेर थकव्याने तेथेच देह ठेवलात. तेव्हा आपण त्रेपन्न वर्षांचे होता. व्याकरणाचा दुसरा खंड आपले विद्यार्थी हॉवर्ड यांनी पुरा केला, तर कोश मिलिगन यांनी १९२९ मध्ये तडीस नेला. तोच कोश आज माझ्या मेजावर, आजोबांच्या दस्तांच्या जुन्या वहीशेजारी आहे.

आपला ऋणी,
नव्या कराराचा एक मराठी वाचक