आजींना विचारून पट्टे मारणाऱ्या अभियंता मॅडमना

मा. कनिष्ठ अभियंता मॅडम,
बांधकाम विभाग, महापालिका

सविनय नमस्कार.

आपली बदली झाल्याचे काल प्रभाग कार्यालयात कळले. आभाराचे चार शब्द आता लांबणीवर टाकले तर ते कायमचेच राहून जातील, या धास्तीने हे पत्र लिहायला घेतले. ते उघडपणे लिहीत आहे, कारण आपल्या कार्यालयात तक्रारींचे अर्ज गठ्ठ्याने येतात आणि काम झाल्यावर परत कोणी फिरकत नाही. आपले आणि शहराचे नाव मात्र मुद्दाम टाळले आहे. सरकारी नोकरीत चांगल्या कामाचा बोभाटा झाला, तर त्याचाही त्रास ते करणाऱ्यालाच होतो, असे आपल्याच एका सहकाऱ्याने मला समजावले होते.

आमच्या वसाहतीसमोरचा रस्ता विकास आराखड्याप्रमाणे २४ मीटर रुंद झाला, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत आम्हीही होतो. पूर्वीचा रस्ता खड्ड्यांचा आणि चिंचोळा होता, पण पलीकडचा दवाखाना, मंडई आणि दत्तमंदिर गाठताना कोणाला जीव मुठीत धरावा लागत नव्हता. रुंदीकरणानंतर डांबर गुळगुळीत झाले, मधोमध दुभाजक आला, वाहनांचा वेग वाढला, आणि पायी चालणाऱ्यांसाठी म्हणून झेब्रा पट्टे मारले गेले ते सरळ दुभाजकाच्या भिंतीला जाऊन भिडले. म्हणजे अर्धा रस्ता नियमाने ओलांडायचा आणि उरलेला ओलांडण्यासाठी गुडघाभर उंचीची भिंत चढायची! ज्या कोणी हे काम तपासून बिल मंजूर केले, त्यांनी ते गाडीच्या काचेआडून पाहिले असावे, असे माझे अजूनही मत आहे.

त्याच रस्त्यावर विरुद्ध दिशेने आलेल्या एका दुचाकीने माझ्या सासूबाईंना पाडले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून त्या वॉकर घेऊन चालतात. दर आठवड्याची तपासणी रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात असते. समोर दिसणाऱ्या फाटकापर्यंत जाण्यासाठी आम्हाला रिक्षा करून पुढच्या चौकातून वळसा घालावा लागे, आणि इतक्या जवळचे भाडे घ्यायला रिक्षावाले नाखूश असत.

यानंतर मी ज्या ज्या कार्यालयांत गेले, तेथील अनुभव थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. एका ठिकाणी सांगितले, की रस्ता आमचा असला तरी वाहतूक पोलिसांची आहे. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, की वाहतूक आमची असली तरी पट्टे मारणे आमच्या अखत्यारीत येत नाही. एका साहेबांनी मात्र मन लावून अर्ज वाचला आणि विचारले, “या ठिकाणी मयत किती?” मी म्हटले, अजून कोणी नाही. त्यावर ते म्हणाले, “मग प्राधान्यक्रमात बसणार नाही.” केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२मध्ये देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. त्या यादीत आमच्या रस्त्याची भर पडल्याखेरीज खडीचा एक ट्रकही हलणार नाही, असा त्या उत्तराचा सरळ अर्थ होता.

या पार्श्वभूमीवर आपण आलात. आपण येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा मी सवयीप्रमाणे अर्जांच्या पोहोच पावत्यांची फाइल काखेत घेऊन वसाहतीच्या फाटकाशी उभी राहिले. आतापर्यंत जो कोणी आला, त्याने फाइल माझ्या हातात असल्यामुळे मलाच विचारले होते, “मागणी काय आहे?” आपण फाइल घेतली, पण उघडली नाही. फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी आपण उकिडव्या बसलात आणि विचारलेत, “आजी, तुम्हाला नेमके कुठून पलीकडे जायचे असते?”

माझ्यासाठी या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. पट्टे, दुभाजक, वेग कमी करायला लावणारे रंबलरचे उंचवटे हे सगळे पुढचे. त्या रस्त्यावर हाड मोडून घेतलेल्या बाईला तोवर एकाही अधिकाऱ्याने, आणि खरे तर आम्ही घरच्यांनीही, हा प्रश्न विचारला नव्हता. आम्ही अर्जात आपले ‘चौकात पट्टे द्यावेत’ असे लिहून मोकळे झालो होतो. आईंनी हात लांब करून औषधांच्या दुकानाकडे दाखवले आणि म्हणाल्या, “तिथून. तिथून दवाखान्याचे फाटक सरळ येते, आणि तिथे रिक्षा आडव्या लावत नाहीत. चौकात डावीकडे वळणारी बस अंगावर येते.” आपण पिशवीतून खडू काढून दुकानासमोरच्या पदपथाच्या कडेच्या दगडावर फुली मारलीत, आणि मग आईंना घेऊन रस्ता ओलांडायला निघालात. आपला एक हात वॉकरवर होता आणि दुसऱ्या हातात मोबाइलवर स्टॉपवॉच चालू होते, हे आईंच्या लक्षात आले नाही. मागून एक जण हॉर्नवर हात ठेवून उभा होता. आपण त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही आणि आईंना ‘चला, चला’ असेही म्हटले नाही.

दुभाजकाशी पोहोचल्यावर आपण मला जो हिशेब सांगितलात, तो मी नंतर घरी कागदावर मांडून पाहिला. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरतात, त्यामुळे दुभाजकापर्यंतचे साडेसात मीटर सहा-सात सेकंदांत संपायला हवेत. आईंना चौदा सेकंद लागले. तेवढ्या वेळात ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी दुचाकी दीडशे मीटरहून अधिक अंतर कापते, आणि आमच्याकडे तेवढ्या अंतरावर रस्ता वळलेला आहे. म्हणजे आईंनी कितीही निरखून पाहिले, तरी त्यांना पाडू शकणारे वाहन पाऊल टाकताना त्यांना दिसणेच शक्य नव्हते. “म्हातारी माणसे बघून चालत नाहीत” हे वाक्य मी अपघातानंतर इतक्यांदा ऐकले होते, की तो हिशेब पाहून मला रडू आले.

पुढे कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेले, ते मला ठाऊक नाही. एवढे मात्र आठवते, की सिग्नल मिळणार नाही हे सांगायला आपण स्वतः फोन केला होता. पुढचा सिग्नल फार जवळ आहे, आणि या रस्त्याला सिग्नलपेक्षा मध्ये थांबायला सुरक्षित जागा अधिक उपयोगाची, असे आपण समजावून सांगितलेत. नकार इतक्या सभ्यपणे मिळाला, तर तो पचायला जड जात नाही, हे मला त्या दिवशी कळले.

आज खडूच्या त्या फुलीपासून थेट दवाखान्याच्या फाटकापर्यंत रस्त्याच्या पातळीहून उचललेले टेबलटॉप क्रॉसिंग आहे. त्यामुळे गाड्यांना वेग कमी करावाच लागतो. दुभाजकात वॉकर आणि सोबतचे माणूस मावेल एवढी मोकळी जागा आहे, तिला दोन्ही बाजूंनी बोलार्ड, म्हणजे वाहने अडवणारे आखूड खांब, आहेत, आणि आईंना एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहावी लागतात. शाळेची मुले आता चौक सोडून तिथूनच जातात. मंडईतल्या भाजीवाल्या बायका डोक्यावरच्या पाट्या घेऊन तिथूनच येतात. आणि गेल्या आठवड्यात आई मला न सांगता, एकट्या, तपासणीला जाऊन आल्या. मी रागावले, तर म्हणाल्या, “तुझ्या त्या इंजिनिअर बाईने माझ्यासाठीच केलाय ना रस्ता?”

पुण्याच्या महापालिकेने २०१६मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. पदपथ हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये सांगितले. रस्त्याच्या आराखड्यात मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे माणूस दगावला किंवा अपंग झाला, तर ठेकेदारापासून संबंधित यंत्रणेपर्यंत दंडाची तरतूद २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे. हे सगळे असायलाच हवे, आणि मी अर्जांत ते उद्धृतही केले होते. पण कायदा कोणाला खुर्चीशेजारी उकिडवे बसायला लावू शकत नाही. ती माणसाची आपली रीत असते. ती पोस्टाच्या खिडकीवर कधी भेटते, एसटीच्या वाहकात भेटते, दवाखान्यात केस पेपर काढणाऱ्या एखाद्या मावशीत भेटते, आणि ती भेटली की उरलेल्यांनी आपला किती वेळ खाल्ला हे एकदम लक्षात येते. आपल्याला हे असे शाबासकीच्या सुरात सांगणे कदाचित आगाऊपणाचे होईल, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

जाता जाता एक विनंती. दवाखान्याच्या बाजूचा पदपथ अजून वीतभराहून उंच आहे. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, हे मला आपणच सांगितले होते. त्या बाजूच्या रॅम्पचे काम पावसामुळे थांबले, ते थांबलेलेच आहे, आणि क्रॉसिंगवरून उतरल्यावर आईंचा वॉकर तिथे अजून दुसऱ्या कोणालातरी उचलून द्यावा लागतो. आपल्या जागी जे येतील, त्यांच्यासाठी कार्यभार सोपवताना त्याची एक टिपणी लिहून ठेवावी. शक्य झाल्यास तीत आईंचे वय आणि त्यांना लागलेले चौदा सेकंदही लिहावेत. फाइल घेऊन मी त्यांच्याकडे जाईनच, पण या वेळी आईंनाही सोबत नेणार आहे.

नव्या ठिकाणी आपणास उत्तम सहकारी लाभोत. आईंनी आपल्याला आशीर्वाद कळवले आहेत, आणि दिवाळीला घरी यावे असा निरोपही दिला आहे.

आपली कृतज्ञ,
औषधांच्या दुकानासमोरून रोज रस्ता ओलांडणारी एक नागरिक